पुढाऱ्याचे मडके कोण वाजवून पाहणार?



उन्हाळा तोंडावर आला म्हणजे जिंतूरच्या बाजारात माठ घेणाऱ्यांची गर्दी होऊ लागते. माठ घेण्यास आलेली बाई तो नुसता डोळ्यांनी पाहून घेत नाही. एका हाताने तो उचलून दुसऱ्या हाताच्या बोटाचे पेर ती त्यावर मारते आणि कान देऊन नाद ऐकते. नाद खणखणीत आला तर भाव करावयास बसते. बद्द आला तर माठ जागच्या जागी ठेवून देते. रंग कितीही चांगला असो, बाहेरून तडा दिसत नसो, तिचा विश्वास नादावर. कुंभारही ह्याचा राग मानीत नाही. जो आपला माल वाजवू देत नाही, त्याच्या मालात खोट आहे हे गिऱ्हाइकास न सांगता कळते.

हे मातीच्या माठाचे झाले. परंतु जो मनुष्य चार लोकांचा पुढारी झाला, मग तो मंडळीचा उपदेशक असो, शाळेचा मास्तर असो, गावचा पंच असो किंवा घरातील वडील असो, त्याला कोणी वाजवून पाहावे काय? आणि त्याने तसे पाहू द्यावे काय? हा प्रश्न लहान दिसतो, पण आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक मंडळ्यांचे बरेवाईट ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते.

ह्याविषयी लोकांत दोन मते आढळतात. पहिले मत जुने व सर्वांच्या तोंडी असलेले आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढाऱ्याने आपला दुबळेपणा कोणास दाखवू नये. त्याचे पाय डळमळतात असे दिसले की मागून चालणाऱ्यांचा धीर सुटतो. दुसरे मत अलीकडे पुष्कळ ऐकू येते. ते असे की पुढाऱ्याने आपले अंतःकरण लोकांपुढे उघडे करावे, आपली भीती, आपले अपयश, आपले पाप बोलून दाखवावे; म्हणजे लोकांस तो आपल्यासारखाच वाटेल व त्यांचे प्रेम वाढेल. ह्या दोन्ही मतांत थोडे थोडे सत्य आहे, तथापि दोन्हीही मुख्य गोष्ट सोडून बोलतात. ती मुख्य गोष्ट कोणती हे पाहण्यासाठी आपल्याच भागाशी जोडलेल्या एका जुन्या कथेकडे वळू.

जिंतुराहून पूर्वेस गेले म्हणजे औंढा नागनाथ लागते, आणि त्याच मुलखात नरसी हे गाव आहे. ही दोन्ही गावे पूर्वी आपल्या परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून ती तिकडे गेली. नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. परंपरेने जी कथा सांगतात ती अशी. तेर गावी गोरा कुंभाराच्या घरी संतमंडळी जमली होती. त्यांत ज्ञानदेव होते, त्यांची भावंडे होती, आणि ज्यांची कीर्ती तेव्हाच चोहीकडे पसरली होती ते नामदेवही होते. मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशाचे साधन आहे? गोरोबांनी सांगितले की ह्याने मडकी कच्ची की पक्की ते कळते. तर मग येथे जमलेल्यांपैकी कोण कच्चे आहे तेही पाहा, असे ती म्हणाली. गोरोबा थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. सर्वांनी ते मुकाट्याने सोसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांस अपमान वाटला व ते रागावले. गोरोबांनी निकाल दिला की हे एक मडके कच्चे आहे.

येथवरची कथा सर्वांस ठाऊक असते. तिच्या पुढच्या भागाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. नामदेव गाऱ्हाणे घेऊन पंढरीस गेले. तेथे त्यांची समजूत घालून त्यांस औंढ्यास विसोबा खेचर यांजकडे जाण्यास सांगण्यात आले, आणि ते गेले. ज्याच्या कीर्तनास लोक दुरून येत, तो पुरुष शिष्य होऊन पुन्हा पहिल्या पायरीवर बसला. पुढे ह्याच नामदेवांची वाणी महाराष्ट्राबाहेर पार पंजाबापर्यंत गेली. तेथील घुमान गावी त्यांचे स्मारक आहे, आणि शिखांच्या पवित्र ग्रंथात त्यांची ६१ पदे घेतलेली आहेत. ज्यास कच्चे म्हटले त्याचेच नाव इतक्या दूर पोहोचले.

आता विचार करा. ह्या कथेत नामदेवांनी कोठेही उभे राहून आपली पापे लोकांस सांगितली नाहीत. त्यांची कसोटी त्यांच्या बोलण्याने लागली नाही. दुसऱ्याच्या हातातील थापटणे आपल्या डोक्यावर पडले तेव्हा त्यांनी काय केले, ह्यावर ती लागली. आधी ते रागावले, मनुष्यस्वभावच तो. परंतु शेवटी त्यांनी तो निकाल मान्य केला व त्याप्रमाणे पाऊल उचलले. म्हणून आमचे म्हणणे असे की, पुढाऱ्याचा खरेपणा तो आपले दोष किती सांगतो ह्यावरून ओळखावयाचा नाही. आपणांस तपासून पाहण्याचा अधिकार तो दुसऱ्याच्या हाती देतो की नाही, ह्यावरून ओळखावयाचा.

ही गोष्ट प्रस्तुत लेखकास पुस्तकातून कळली नाही. ती कशी कळली ते सांगणे त्यास सुखाचे नाही, परंतु ह्या विषयावर लिहावे आणि तेवढे झाकून ठेवावे हे बरे दिसणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी जिंतूर तालुक्यातील एका लहान मंडळीची सेवा करीत होतो. उपदेश मीच करी, वर्गणी मीच गोळा करी, आणि हिशोबाची वहीही माझ्याच पेटीत असे. एके वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीचे पैसे जमले आणि त्याच आठवड्यात माझी मुलगी तापाने आजारी पडली. तिला परभणीस दवाखान्यात न्यावे लागले. हातात पैसा नव्हता; मंडळीचा होता. मी त्यांतून ४,००० रुपये काढले. मनास म्हटले की महिन्याभरात परत ठेवू, आणि खरोखर दोन महिन्यांनी ते परत ठेवलेही. कोणास काही कळले नाही. परंतु मन खात होते. एका रविवारी उपदेश करता करता माझा गळा दाटून आला, आणि मी सर्वांपुढे म्हणालो की मी मोठा पापी आहे, तुमचा उपदेशक होण्यास योग्य नाही. डोळ्यांत पाणी आले. लोकांच्याही डोळ्यांत आले. उपासना संपल्यावर पुष्कळांनी माझा हात धरून म्हटले, मास्तर, असा नम्र सेवक आम्ही पाहिला नाही. वाचकहो, खरे सांगतो, त्या दिवशी घरी जाताना मला हलके वाटले. हलके म्हणण्यापेक्षा थोर वाटले म्हटले तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मंडळीतील एक म्हातारी विधवा माझ्या दारी आली. तिला लिहितावाचता येत नव्हते. ओट्यावर बसून ती म्हणाली, "मास्तर, काल तुम्ही पापी हाव म्हणालात. ते तर आम्ही बी हावच. पण कोणचं पाप, ते काही कळलं नाही. आन् हंगामाच्या पैशाचा हिशोब कवा वाचून दावणार?"

मी गप्प झालो. तिला संशय होता की ती सहज विचारीत होती, हे मला आजतागायत कळले नाही. पण तिच्या बोटाचे पेर बरोबर जेथे तडा होता तेथे पडले होते. त्या क्षणी माझ्या लक्षात आले की रविवारचे माझे रडणे खोटे नव्हते, पण ते सुरक्षित होते. सगळे पाप कबूल केले म्हणजे कोणतेच केले नाही. मी महापापी आहे असे म्हणणारास कोणी शिक्षा करीत नाही, उलट मान देतात. अमुक महिन्यात अमुक रुपये घेतले असे म्हणणाऱ्यास मात्र उत्तर द्यावे लागते.

पुढच्या रविवारी मी वही आणली आणि झाले ते रकमेसह वाचून दाखविले. ह्या वेळी कोणी माझा हात धरला नाही. एका कुटुंबाने चार महिने उपासनेस येणे सोडले, आणि ते म्हणत होते ते अगदी चूक होते असेही मी म्हणणार नाही. पैसा माझ्याकडून काढून दोन जणांच्या हाती देण्यात आला, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही मोठ्याने वाचावी असे ठरले. माझी पूर्वीची प्रतिष्ठा पुन्हा पूर्णपणे आली नाही. पण एक गोष्ट घडली. त्या वर्षी दोन घरांतील भाऊबंदकीचे भांडण माझ्याकडे आले, आणि त्यांतील एक जण म्हणाला, ज्यांनी आपला हिशोब वाचून दाखविला त्यांच्यापुढे आमचा सांगण्यास लाज नाही. इतकी मोठी पावती मला पूर्वीच्या मानात कधी मिळाली नव्हती.

पवित्र शास्त्रात दोन राजांची गोष्ट आहे ती ह्या दृष्टीने वाचून पाहावी. शौलाला शमुवेलाने दोष दाखविला आणि दाविदाला नाथानाने. दोघांनीही, मी अपराध केला, अशीच कबुली दिली. मग फरक कोठे? शौलाने कबुली दिली, पण लागलीच विनंती केली की वडील मंडळींपुढे माझा मान तेवढा राखा. दाविदाने अशी अट घातली नाही. कबुलीचे शब्द दोघांचे जवळजवळ सारखेच. परंतु एकाने मूठ अर्धी झाकूनच ठेवली होती. तसेच पेत्राने प्रभूला नाकारल्याची हकिगत चारही शुभवर्तमानांत आली आहे. जो मंडळीचा आधारस्तंभ, त्याचीच सर्वांत लाजिरवाणी रात्र मंडळीने पुसून टाकली नाही. पुढे अंत्युखियास पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, आणि तेही लिहून ठेवले आहे. धन मातीच्या भांड्यात ठेवलेले आहे असे जेव्हा तोच पौल करिंथकरांस लिहितो, तेव्हा ते भांडे सोन्याचे आहे असे भासविण्याचा मार्गच तो बंद करतो.

आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांच्या भक्तीविषयी व काव्याविषयी काही नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु त्यांचे मडके वाजवून पाहिले ते त्यांच्या पत्नीने. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांत टिळकांचा तापट स्वभाव आहे, घरात न सांगता निघून जाणे आहे, हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन घरात चणचण पाडणे आहे, आणि धर्मांतरासारखे मोठे पाऊल पत्नीस बरोबर न घेता उचलल्यामुळे त्या बाईवर कोसळलेले दुःखही आहे. बाई हे रागाने लिहीत नाहीत. पुष्कळदा हसत हसत लिहितात. पण झाकून काही ठेवीत नाहीत. आणि लक्षात घ्या, लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. त्यांस लिहावयास व वाचावयास लावले ते टिळकांनीच. ज्या हाती त्यांनी लेखणी दिली, त्याच हाताने त्यांचे माप घेतले. ते पुस्तक वाचून कोणाच्या मनातून टिळक उतरले असे ऐकिवात नाही. उलट नुसत्या स्तुतीने लिहिलेली कितीतरी चरित्रे लोक विसरले, आणि हे मात्र आजही घरोघर वाचले जाते. खऱ्या माणसावर प्रेम करता येते. चित्रातल्या माणसास फार तर हार घालता येतो.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो अनाथ स्त्रिया व मुली त्यांच्या आश्रयास आल्या. अशा बाईने १९०७ साली आपली साक्ष लिहिली तीत स्पष्ट सांगितले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्या लक्षात आले की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. हे लिहिताना त्यांच्या कार्यास देशोदेशींचे लोक पैसा पाठवीत होते, आणि टीकाकारही टपलेले होते. इतकी वर्षे मी अपुरी होते, हे वाक्य त्या दोघांच्याही हाती पडणार हे त्यांस माहीत होते. हा उघडेपणा वरवरचा नव्हे. कारण त्याची किंमत द्यावी लागण्याचा संभव होता. १९१९ च्या एप्रिलात महात्मा गांधींनी, लोकांची तयारी न पाहता सत्याग्रहास बोलाविले ही आपली हिमालयाएवढी चूक झाली, असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्यांची थट्टा झाली. पण त्यांनी चूक नुसती सांगितली नाही, त्या महिन्यात ती चळवळ थांबविली. कबुली व कृती ही जोडीने चालली म्हणजे कबुलीस वजन येते.

येथे कोणी विचारील, तर मग पुढाऱ्याने सर्वच सर्वांपुढे सांगावे काय? नाही. तीन मर्यादा आम्हांस दिसतात. पहिली, दुसऱ्याचे गुपित हे आपल्या उघडेपणाचे साधन नव्हे. पत्नीचे, मुलाचे किंवा मंडळीतील कोणाचे दुःख सांगून आपण खरे ठरू पाहणे हा अन्याय आहे. दुसरी, आपले ओझे ज्यास उचलवणार नाही त्याच्या माथी देऊ नये. आजाऱ्याच्या खाटेशी बसून आपल्या शंका सांगणारा उपदेशक खरा असेल, पण तो शहाणा नव्हे. त्या शंका त्याने आपल्याहून वडील व विश्वासू अशा एखाद्यापाशी न्याव्यात, जसे नामदेव विसोबांकडे गेले. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. काही अपराध असे आहेत की ते रडून फिटत नाहीत. ज्याने विधवेचा पैसा बुडविला त्याने तो भरून दिला पाहिजे. ज्याने लेकराबाळांस किंवा स्त्रीस इजा केली त्याने जागा सोडली पाहिजे व सरकारच्या कायद्यापुढे उभे राहिले पाहिजे. अशा वेळी, आम्ही सर्वच पापी आहोत, असे म्हणून त्यास पुन्हा व्यासपीठावर बसविणे ही क्षमा नव्हे. ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर केलेला तो दुसरा अन्याय आहे.

आणि झाकल्या मुठीच्या म्हणीत सत्य नाही काय? थोडे आहे. संकटाच्या वेळी पुढाऱ्याने धीर सोडू नये हे खरे. पूर आला असता दोर धरणाऱ्याने आपले हात कापतात हे ओरडून सांगू नये. पण धीर धरणे वेगळे आणि सोंग करणे वेगळे. हात कापत असले तर दुसऱ्यास हाक मारून, दोराला तुझाही हात लाव, असे म्हणणे हेच धीराचे काम आहे. जो असे म्हणण्यास लाजतो, त्याच्या हातून दोर सुटतो, आणि बुडतो मात्र दुसराच.

मंडळीच्या लोकांसही एक शब्द सांगितला पाहिजे. बाजारातील बाई माठ बोटाच्या पेराने वाजविते, दगडाने नव्हे. पारावर बसून उपदेशकाच्या घरच्या गोष्टी बोलणे, निनावी कागद पाठविणे, किंवा त्याने एक चूक कबूल केली म्हणजे ती वर्षभर त्याच्या तोंडावर फेकणे, ह्यास तपासणे म्हणत नाहीत. त्याने माठ फुटतो, आणि दुसरे कुंभार आपला माल झाकून ठेवण्यास शिकतात. विचारावयाचे ते तोंडावर, नेमके, आणि सुधारणेच्या इच्छेने विचारावे. त्या म्हाताऱ्या विधवेने माझे नाव गावात घेतले नाही. ती माझ्या ओट्यावर आली.

म्हणून बंधूंनो, तुमच्यापैकी ज्यांच्यावर लहानमोठ्या मंडळीची जबाबदारी आहे, त्यांस आमची नम्र सूचना इतकीच आहे. पुढच्या रविवारी आपल्या नम्रतेवर उपदेश करू नका. पैशाची वही दुसऱ्याच्या हाती द्या आणि ती वाचू द्या. आपल्याहून वडील असा एक मनुष्य निवडा, आणि वर्षातून दोनदा त्यास विचारा की माझ्यात तुम्हांस काय खोट दिसते. तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐका. घरी पत्नी काही बोलली तर ती पुढाऱ्याशी बोलते आहे हे विसरा. राग आला तर येऊ द्या. नामदेवांसही आला होता. पण तो शांत झाल्यावर औंढ्याची वाट धरा.

ती म्हातारी आता ह्या जगात नाही. ती गेली त्या महिन्यातही पहिल्या रविवारी वही वाचली गेली, आणि वाचून झाल्यावर, तिला ऐकू कमी येत असे म्हणून एरवी जसे पुन्हा एकदा मोठ्याने वाचीत असत, तसे सवयीने कोणीतरी पुन्हा वाचले.